शस्त्रानें मिळविलेली पवित्र नगरी

बीड जिल्ह्यांतील नारायणगडाच्या आसपास राहणाऱ्या आपल्या ख्रिस्ती बंधुभगिनींस पवित्र स्थळ म्हणजे काय हें पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. नगदनारायण महाराजांच्या ह्या गडाला लोक धाकटी पंढरी म्हणतात. एकादशीस शेजारीपाजारी टाळमृदंग घेऊन गडाकडे निघतात, आणि आपण आपल्या शेतांतून तो गजर ऐकतों. शेजाऱ्याच्या भक्तीचा मान राखणें आपणांस जड जात नाहीं. कारण ज्या नगरीच्या रस्त्यांवरून आपला प्रभु चालला त्या यरुशलेमेचें नांव निघालें म्हणजे आपलेंही अंतःकरण हलतें. परंतु ह्याच शेजारांतून केव्हां केव्हां एक प्रश्न येतो, आणि आमच्या उपदेशक बंधूंस तो अडचणींत टाकतो. चार बुकें शिकलेला एखादा तरुण विचारतो: "मास्तर, तुमच्या लोकांनीं आपल्या पवित्र नगरीसाठीं माणसें कापलीं, पुढें गोव्यांत येऊन तेंच केलें. मग तुम्ही प्रीतीचा उपदेश आम्हांस कोणत्या तोंडानें करितां?"

ह्यावर दोन उत्तरें नेहमी ऐकूं येतात. एक असें कीं, ते रोमन कॅथॉलिक होते आणि आम्ही प्रॉटेस्टंट आहों. दुसरें असें कीं, त्या काळीं सर्वच राजे तसें करीत. दोन्ही उत्तरांत थोडें थोडें सत्य आहे, पण प्रश्न जेथल्या तेथेंच राहतो. विचारणाऱ्यास इतिहास नको असतो; त्याला हें हवें असतें कीं, पवित्र गोष्टीसाठीं केलेलें पाप पवित्र होतें काय, आणि बळजोरीच्या हातानें पेरलेला धर्म खरा असूं शकतो काय. हे दोन निराळे प्रश्न आहेत. ते एकत्र मिसळल्यामुळेंच पुष्कळ गोंधळ होतो.

प्रथम यरुशलेमेची गोष्ट पाहूं. ती नगरी इसवी सनाच्या सातव्या शतकांत अरबांच्या हातीं गेली, आणि पुढें साडेचारशें वर्षें मुसलमान, यहूदी व ख्रिस्ती लोक एकाच तटाच्या आंत नांदले. नेहमींच सुखानें नांदले असें नाहीं. १००९ सालीं मिसरचा खलीफा अल्-हाकिम यानें पवित्र कबरेचें मंदिर पाडविलें. तें पुढें पुन्हा उभें राहिलें, पण ती जखम राहिली. यात्रेकरूंस वाटेंत लुटारूंचा त्रास होई. तेव्हां नोव्हेंबर १०९५ मध्यें फ्रान्स देशांतील क्लेर्मों गांवीं पोप दुसरा अर्बन यानें पूर्वेकडील ख्रिस्ती बांधवांच्या साह्यास जाण्याची जी हांक दिली, ती अगदींच निराधार होती असें म्हणतां येणार नाहीं. दुःख खरें होतें. औषध मात्र असें निवडलें गेलें कीं, तें रोगाहून भयंकर ठरलें.

ह्या हांकेंत एक गोष्ट नवी होती, आणि आमच्या मतें सर्व अनर्थाचें मूळ तेथें आहे. त्यापूर्वीं लढाईंत माणूस मारणाऱ्या शिपायासही चर्च प्रायश्चित्त सांगत असे. १०६६ सालीं इंग्लंडांत हेस्टिंग्जची लढाई जिंकणाऱ्या नॉर्मन शिपायांस, मारलेल्या प्रत्येक माणसामागें एक वर्ष प्रायश्चित्त सांगितलें गेलें होतें. आणि ती मोहीम तर पोपाच्या संमतीची मानली जात होती. म्हणजे विजय न्याय्य मानला तरी रक्त हें रक्तच, अशी समजूत तोंवर जिवंत होती. क्लेर्मोंच्या सभेनंतर हें उलटें झालें. ज्या कर्माबद्दल प्रायश्चित्त घ्यावयाचें, तें कर्मच आतां प्रायश्चित्त ठरलें.

१५ जुलै १०९९ रोजीं यरुशलेम पडली. तो शुक्रवार होता. ज्या वारीं प्रभूस त्याच नगरीबाहेर क्रूसावर खिळलें तोच वार. नंतर जी कत्तल झाली तिचें वर्णन शत्रूंनींच केलें आहे असें नाहीं. मोहिमेबरोबर गेलेल्या ख्रिस्ती बखरकारांनीं तें अभिमानानें लिहून ठेविलें आहे. अरबी ग्रंथांत मृतांचा आकडा ७०००० असा आढळतो, तो फुगविलेला दिसतो. त्याच पिढींतील इब्न अल्-अरबी ह्या विद्वानानें ३००० म्हटलें आहे. यहूदी लोक आपल्या सभास्थानांत जमले होते, तें त्यांच्यासकट जाळलें गेलें असें दमास्कसचा बखरकार सांगतो. संध्याकाळीं हेच योद्धे पवित्र कबरेच्या मंदिरांत गेले आणि आनंदानें रडत त्यांनीं प्रार्थना केली. आम्हांस दिवसाच्या कत्तलीपेक्षां ह्या संध्याकाळच्या प्रार्थनेचें भय अधिक वाटतें. ते अश्रु ढोंगाचे नव्हते. माणूस अगदीं मनापासून भक्ति करीत असतांही आंधळा असूं शकतो, हें त्या अश्रूंवरून कळतें.

त्यांचा पुढारी गॉडफ्रे यानें राजा म्हणवून घेण्याचें नाकारलें. जेथें प्रभूनें कांट्यांचा मुकुट घातला तेथें मीं सोन्याचा घालूं नये असें तो म्हणाला अशी परंपरा आहे. नम्रतेची ही गोष्ट सुंदर आहे. पण जो मुकुट घालण्यास भ्याला, तो रस्त्यांत पडलेल्या प्रेतांस भ्याला नाहीं.

असो. आतां राज्य कसें चाललें तें पाहूं. कारण पापाची परीक्षा त्याच्या पहिल्या दिवसावरून जितकी होत नाहीं तितकी पुढील वर्षांवरून होते. मुसलमान व यहूदी यांस नगरींत राहण्याची मनाई झाली. मग नगरी ओस पडली. देवाच्या नांवानें जिंकलेल्या शहरांत राहण्यास माणसें मिळेनात! योद्धे नवस फेडून आपापल्या देशीं परतले. सुमारें १११५ सालीं राजा पहिला बाल्डविन यानें यार्देनेपलीकडच्या मुलुखांतून ख्रिस्ती कुटुंबें आणून रिकाम्या घरांत वसविलीं. पुढें सुमारें ११२० सालीं दुसऱ्या बाल्डविननें वेशींतून आंत येणाऱ्या धान्यावरील जकात माफ केली, आणि तें धान्य आणणाऱ्या मुसलमानासही ती सवलत दिली. ज्यांच्या साह्यास म्हणून हे लोक आले होते त्या पूर्वेकडील मंडळ्यांचें काय झालें? पवित्र कबरेच्या मंदिरांत ग्रीक धर्मगुरूंच्या वर लॅटिन धर्मगुरु बसले, आणि मूळचा ख्रिस्ती मनुष्य आपल्याच नगरींत दुय्यम झाला. अल्-अक्सा मशिदींत आधीं राजवाडा झाला, मग टेम्पलर नांवाच्या योद्ध्या संन्याशांचें ठाणें झालें.

तथापि हें राज्य निव्वळ राक्षसांचें होतें असें लिहिणें अन्यायाचें होईल. संत योहानाच्या नांवाचें जें रुग्णालय तेथें चाले, त्यांत एका वेळीं शेंकडों रोग्यांची शुश्रूषा होत असे, आणि मुसलमान व यहूदी रोग्यांसही तेथें जागा मिळे असें त्या काळचें एक वर्णन आहे. सुमारें ११७० सालीं आलेल्या बेन्यामीन नांवाच्या यहूदी प्रवाशास बंदी असूनही दाविदाच्या बुरुजाजवळ यहूदी रंगारी आढळले. कापड रंगविणाऱ्यावांचून राजाचेंही अडत असावें. सीरियांतील उसामा नांवाच्या सरदारानें आपल्या आठवणींत एक मौजेची हकीकत दिली आहे. तो यरुशलेमेस आला म्हणजे अल्-अक्साच्या बाजूस एक लहान मशीद होती, तेथें टेम्पलर लोक त्यास नमाजासाठीं जागा करून देत. एकदां युरोपांतून नुकताच आलेला एक शिपाई धांवत आला, आणि प्रार्थना अशी करावी म्हणून त्यानें उसामाचें तोंड जबरीनें पूर्वेकडे वळविलें. टेम्पलरांनीं त्या मनुष्यास बाहेर काढलें व पाहुण्याची क्षमा मागितली: हा नवा आहे, ह्यानें अजून तुमच्यासारखीं माणसें पाहिलेलीं नाहींत. चार वर्षें शेजारीं राहिलेला टेम्पलरसुद्धां, ज्याचा व्रतबंधच लढण्याचा, तो वरमला. आणि दूर देशांत बसून ऐकीव गोष्टींवर तापलेला मनुष्य मात्र दुसऱ्याची मान पिरगाळावयास आला.

११८७ च्या ऑक्टोबरांत सलाहुद्दीनानें नगरी परत घेतली. अट्ठ्याऐंशीं वर्षांपूर्वींच्या कत्तलीचा सूड घेण्यास त्याला कोणी आडवें येणार नव्हतें. त्यानें खंडणी ठरविली: पुरुषामागें १० दिनार, स्त्रीमागें ५. ज्यांच्यापाशीं पैसा नव्हता असे हजारों लोक गुलाम झाले, हें लपवूं नये. पण कत्तल झाली नाहीं. त्याच्या भावानें हजार गुलाम मागून घेतले व तेथेंच सोडून दिले. लॅटिन धर्माध्यक्षानें मात्र देवळांतील सोन्याचांदीचीं पात्रें गाड्यांवर लादून नेलीं, आणि पाठीमागें खंडणीविना राहिलेल्या आपल्याच कळपाकडे वळून पाहिलें नाहीं. सूड न घेणें किती कठीण आहे हें मराठवाड्यांतील वाचकांस सांगावयास नको. १९४८ सालीं रझाकारांचे अत्याचार, आणि सप्टेंबरांतील पोलिस कारवाईनंतर निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवर उगविलेला सूड, हीं दोन्ही ह्याच भूमीनें पाहिलीं.

ह्या इतिहासांत आणखी एक प्रसंग आहे, तो क्वचितच सांगितला जातो. फेब्रुवारी १२२९ मध्यें बादशहा दुसरा फ्रेडरिक यानें मिसरचा सुलतान अल्-कामिल याच्याशीं दहा वर्षांचा तह केला. रक्ताचा थेंब न सांडतां यरुशलेम, बेथलेहेम व नासरेथ हीं ख्रिस्ती लोकांस मिळालीं, आणि मशिदींचें आवार मुसलमानांकडे राहिलें. दोन्ही समाजांस आपापलें पवित्र स्थळ मिळालें. ह्याचा गौरव झाला काय? बादशहा आधींच पोपाच्या बहिष्काराखालीं होता. धर्माध्यक्षानें त्या नगरींतील उपासनेवरच बंदी घातली, आणि १ मे रोजीं तो आक्का बंदरांतून गलबतावर चढतांना खाटकांनीं त्याच्यावर जनावरांचीं आंतडीं फेंकलीं. रक्तानें मिळालेल्या नगरीबद्दल स्तोत्रें, आणि वाटाघाटीनें मिळालेल्या नगरीबद्दल आंतडीं! येथें स्पष्ट दिसतें कीं, लोकांस तोंपर्यंत नगरी नकोच होती. विजय हवा होता. पंधरा वर्षांनीं, १२४४ त, ती नगरी ख्रिस्ती राजांच्या हातून गेली.

पण नगरी गेली तरी तिचें स्वप्न गेलें नाहीं, आणि तें स्वप्न जहाजांत बसून आपल्या किनाऱ्यावर आलें. पोर्तुगालचा राजा मानुएल यास यरुशलेम जिंकण्याची आस होती. त्याचा सेनापति आफोन्सो द आल्बुकर्क याच्या मुलानें लिहिलेल्या चरित्रांत असें आहे कीं, अरबस्तानांतील मुसलमानांचे पवित्र अवशेष हस्तगत करावे आणि त्यांच्या मोबदल्यांत यरुशलेम मागून घ्यावी असा बेत बापानें योजिला होता. ह्याच मनुष्यानें २५ नोव्हेंबर १५१० रोजीं आदिलशाहीकडून गोवें घेतलें. त्याच वर्षीं एकदां तें त्याच्या हातीं येऊन गेलें होतें. होनावरचा तिमय्या आणि तिसवाडीचे हिंदु लोक त्याच्या बाजूस होते. पुढें काय झालें तें त्यानें २२ डिसेंबरच्या पत्रांत राजास स्वतः कळविलें: चार दिवस हत्याकांड चाललें, मुसलमान सांपडेल तेथें मारला, मशिदींत माणसें कोंडून आग लावली, आणि स्त्रीपुरुष मिळून सहा हजार जीव गेले. १०९९ चाच हा दुसरा पाठ होता. फक्त तट निराळा होता.

हिंदूंस त्यानें हात लावला नाहीं. त्यांचा सारा हलका केला, गांवच्या रीतिभाती राखल्या, सती जाण्यास बंदी केली. पहिलीं तीस वर्षें देवळें बहुधा उभीं होतीं. मग वारा बदलला. १५४० सालीं तिसवाडींतील देवळें पाडलीं गेलीं, आणि त्यांच्या जमिनींचें उत्पन्न पुढल्या वर्षीं नव्या धर्मसंस्थेस लावून दिलें. सरकारी कामें ख्रिस्ती लोकांसाठीं राखलीं गेलीं. १५५९ त असा कायदा झाला कीं, आईबाप व आजाआजी नसलेलीं मुलें ताब्यांत घेऊन त्यांस ख्रिस्ती करावें. १५६० त इन्क्विझिशन नांवाची धर्मन्यायसभा आली, ती मध्यें चार वर्षें सोडल्यास १८१२ पर्यंत चालली. तिनें मुख्यत्वें छळलें तें नव्या ख्रिस्ती लोकांसच. १७३६ सालच्या तिच्या एका हुकुमांत धोतर, चोळी आणि अंगणांतील तुळस यांवरसुद्धां बंदी आहे. १५६७ त साष्टी प्रांतांतील शेंकडों देवळें गेलीं. ज्यांना जमलें ते लोक देव घेऊन निघाले: कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. खाडीपलीकडचा तो फोंडा महाल तेव्हां विजापूरच्या आदिलशहाचा होता. हिंदूंच्या देवांस ख्रिस्ती राजाच्या भयानें मुसलमान सुलतानाच्या मुलुखांत आसरा मिळाला, ही गोष्ट आमच्या उपदेशकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

परंतु गोव्याच्या इतिहासांतील ज्या एका गांवापाशीं आम्ही वाचकांस थोडा वेळ थांबवूं इच्छितों, तें कुंकळ्ळी. रुदोल्फो आक्वाविव्हा नांवाचा इटालियन जेझुइट १५८० पासून तीन वर्षें अकबर बादशहाच्या दरबारीं फत्तेपूर सीक्रीस होता. तेथें त्याच्यापाशीं ना फौज, ना कायदा. मौलवी व पंडित यांच्यासमोर बसून त्यानें वाद केला. बादशहानें प्रेमानें ऐकलें, पण बाप्तिस्मा घेतला नाहीं. जगाच्या हिशेबीं तें काम फुकट गेलें. १५८३ त त्यास परत बोलावून साष्टींतील कामावर नेमलें. आतां मात्र त्याच्या पाठीशीं राज्य होतें. त्याच्या सोबत्यांपैकीं कांहीं जण पूर्वीं देवळें पाडणाऱ्या फौजेबरोबर हिंडलेले होते. जुलै महिन्यांत हे पांच जेझुइट कांहीं ख्रिस्ती सोबत्यांसह चर्चसाठीं जागा पाहण्यास कुंकळ्ळीस गेले, आणि गांवानें त्यांस ठार केलें. सोबतच्या एका पोर्तुगीज गृहस्थापाशीं बंदूक होती. ती झाडूं नको असें पाशेको नांवाच्या पाद्र्यानें त्यास बजावलें, असें सांगतात. म्हणजे मरणाच्या घटकेस त्यानें पेत्राची तलवार म्यानांत घालविली. पण ती तलवार त्यापूर्वींच गांवांतून फिरून गेलेली होती, आणि गांवास बंदूक न झाडणारा हात दिसला नाहीं. देऊळ जाळणारा हात तेवढा आठवला.

पुढें सरकारनें गांवच्या सोळा पुढाऱ्यांस बोलणीं करण्यासाठीं असोळण्याच्या किल्ल्यांत बोलाविलें आणि चौकशीवांचून मारलें. एक जण नदींत उडी टाकून वांचला असें सांगतात. जमिनी काढून घेतल्या. १८९३ सालीं रोमच्या चर्चनें त्या पांच पाद्र्यांस धन्य म्हणून जाहीर केलें. मारल्या गेलेल्या पुढाऱ्यांचें नांव त्या वेळीं कोणी घेतलें नाहीं.

अकबराच्या दरबारचा आक्वाविव्हा आणि कुंकळ्ळीचा आक्वाविव्हा हा एकच मनुष्य होता. त्याची श्रद्धा तीच, त्याचे उपास तेच. फरक एवढाच कीं, पहिल्या ठिकाणीं त्याचा शब्द नाकारण्यास ऐकणारा मोकळा होता. शेजाऱ्याच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस येथें सांपडतें. ज्या ठिकाणीं माणसाला नाहीं म्हणण्याची मोकळीक नाहीं, तेथें त्याच्या हो म्हणण्यास देवापुढेंही किंमत नाहीं. शोमरोनी स्त्रीशीं विहिरीवर बोलतांना प्रभूनें डोंगराचा आणि यरुशलेमेचा वाद एका बाजूस ठेविला, आणि खऱ्या उपासनेची जागा आत्म्यांत व सत्यांत दाखविली. ती स्त्री परक्या जातीची, परक्या देवळाची होती. तिचें देऊळ मोडा असें तो म्हणाला नाहीं. यरुशलेम पाहून तो रडला. ती घेण्यासाठीं त्यानें कोणास पाठविलें नाहीं.

हे सर्व रोमन चर्चचे दोष म्हणून ज्यांस समाधान वाटतें त्यांनीं जिनिव्हा नगरीकडे पाहावें. गोव्यांत इन्क्विझिशन येण्यापूर्वीं सात वर्षें, ऑक्टोबर १५५३ मध्यें, कॅल्विनच्या जिनिव्हांत मिगेल सर्व्हेटस यास त्र्यैक्याविषयींच्या मतांसाठीं जिवंत जाळलें. ल्यूथरनें १५४३ सालीं यहूदी लोकांचीं सभास्थानें जाळावीं असें लिहिलें. ज्यांच्या हातीं नगरी आली त्यांच्यापैकीं फार थोडे ह्या परीक्षेंत उतरले. सर्व्हेटसच्या मृत्यूनंतर बाझेलच्या सेबास्टियन कास्टेलिओ ह्या गरीब पंडितानें पाखंड्यांस मारण्याविरुद्ध १५५४ त ग्रंथ काढला, तेव्हां त्याच्यापाशीं ना नगरी होती ना सत्ता. आम्ही खेड्यांतले ख्रिस्ती सत्तेवांचून आहों म्हणून शुद्ध दिसतों काय, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं पाहावें.

आतां दुसरा प्रश्न. बळजोरीनें पेरलेला धर्म खरा असूं शकतो काय? पुष्कळ लोक म्हणतात, नाहीं. बी सडकें तर पीकही सडकें. म्हणून गोव्याच्या व वसईच्या ख्रिस्ती लोकांस ते बाटगे म्हणतात, आणि बाटविणारा गेला म्हणजे त्यांनीं परत फिरावें असें सांगतात. ह्याचें उत्तर तर्कानें देण्यापेक्षां महाराष्ट्राच्या इतिहासानें दिलेलें बरें.

मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसईचा किल्ला घेतला. शेवटच्या हल्ल्यांत मराठ्यांचीं हजारों माणसें पडलीं होतीं. सूडाचें निमित्त होतें, सामर्थ्यही होतें. तरी तहांत शिबंदीस हत्यारांसह वाजतगाजत जाऊं दिलें, लोकांस चीजवस्त नेऊं दिली, आणि मागें राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक ठेविली. यरुशलेमेंतील ११८७ ची आठवण होते. खंडणीच्या बाबतींत वसईचा तह तिच्याहून उदार होता. युरोपियन पाद्री निघून गेले, कित्येक चर्चें ओसाड पडलीं, देशी पाद्र्यांनीं कसेंबसें काम चालविलें. आतां त्या शेतकऱ्यांवर व कोळ्यांवर कसली बळजोरी उरली होती? ख्रिस्ती राहून त्यांस कोणती नोकरी मिळणार होती? १८१८ पर्यंत, मध्यंतरीं इंग्रजांच्या ताब्यांत गेलेलीं कांहीं वर्षें सोडल्यास, वसई मराठ्यांकडे राहिली, आणि ते ख्रिस्ती ख्रिस्तीच राहिले. गोव्यांतही डिसेंबर १९६१ मध्यें पोर्तुगीज सत्ता संपली. चर्चें रिकामीं झालीं नाहींत.

भाषेकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. १६८४ सालीं गोव्याच्या राज्यपालानें लोकांची भाषा बंद करण्याचा हुकूम काढला. पण त्याच साष्टींतील राशोल येथें १६१६ सालींच फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत छापून निघालें होतें. पुढें हुकूम कागदावर राहिला, आणि ओव्या लोकांच्या तोंडीं राहिल्या. वसईच्याच भूमींतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं सबंध बायबल सोप्या मराठींत आणलें, आणि जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद, म्हणजे आतांचें धाराशिव, येथें भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. आपल्या बीडच्या शेजारच्याच जिल्ह्यांतली ही गोष्ट. त्यांच्या पूर्वजांस कोणत्या परिस्थितींत बाप्तिस्मा मिळाला असेल तो असो. तो विश्वास आतां उसना म्हणतां येईल काय?

मग कोणी उलट म्हणेल: फळ इतकें चांगलें आलें, तर आल्बुकर्कास आणि इन्क्विझिशनास दोष कां द्यावा? येथें योसेफाची गोष्ट आठवावी. भावांनीं त्यास विकलें. त्यांतून देवानें दुष्काळांत अनेकांचे प्राण वांचविले. योसेफानें दोन्ही गोष्टी भावांसमोर एका श्वासांत मांडल्या, आणि एकीनें दुसरी पुसली नाहीं. देवानें चांगलें केलें हें त्या भावांच्या बाजूचें प्रमाणपत्र झालें नाहीं. आणि भाऊ दुष्ट होते म्हणून वांचलेले लोक खोटे ठरले नाहींत. हा भेद ज्यास साधला, त्याला वसईच्या ख्रिस्ती माणसाची लाज वाटण्याचें कारण नाहीं, आणि गोव्याच्या जेत्याची वकिली करण्याचेंही नाहीं.

ही चर्चा दूरची वाटते तोंवर सोपी आहे. ती आपल्या उंबऱ्याशीं आणली म्हणजे कठीण होते. अहमदनगर व आसपासच्या मुलुखांत पुष्कळ मंडळ्या १८७६ ते १८७८ च्या आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर वाढल्या. म्हणून आपल्या लोकांस धान्यासाठीं झालेले ख्रिस्ती असें हिणविलें जातें. आपल्या आजोबांनीं महारवाड्यांत किंवा मांगवाड्यांत काय सोसलें हें ज्यानें पाहिलें नाहीं त्यानें असें बोलावें, ह्याचा राग येतो. तो राग योग्यही आहे. गांवच्या विहिरीवर ज्यास चढूं दिलें नाहीं, तो भाकरीबरोबर माणुसकी देणाऱ्या दाराशीं गेला, तर त्याची भूक तेवढी दिसावी आणि त्याचा अपमान दिसूं नये, हा न्याय नव्हे. धान्य म्हणजे तलवार नव्हे. पण धान्यही सत्ता आहे. भुकेलेल्यास भाकर देणें हें कर्तव्य. भाकर देतांना बाप्तिस्म्याचा हिशेब मनांत धरणें हें निराळें. कसोटी एकच: समोरच्यानें नाहीं म्हटलें असतें तर भाकर मिळाली असती काय? जेथें मिळाली असती तेथें आपण ताठ मानेनें सांगावें. आणि जेथें मिळाली नसती तेथें काय सांगावें? आमच्या मतें तेथें योसेफाप्रमाणें दोन्ही गोष्टी सांगाव्या. आजोबांचा विश्वास शेवटीं त्यांचा स्वतःचा झाला हेंही, आणि देणाऱ्याचा हात स्वच्छ नव्हता हेंही. हें बोलणें सोपें नाहीं. मंडळींत कोणी वडील मनुष्य दुखावेल. शेजारी त्यांतील अर्धेंच उचलून नेईल, आणि तेंच चावडीवर सांगेल.

तथापि असें होऊं शकतें, ह्याचें एक चिन्ह कुंकळ्ळीसच आहे. तेथें त्या पांच पाद्र्यांच्या स्मरणार्थ बांधलेलें एक चॅपल आहे, आणि असोळण्याच्या किल्ल्यांत मारल्या गेलेल्या पुढाऱ्यांचें स्मारकही आतां उभारलेलें आहे. गांवची शांतादुर्गा त्या धामधुमींत फातर्प्यास नेली गेली ती तेथेंच राहिली. पण शिमग्याच्या दिवसांत तिची पालखी रंगीत छत्र्यांसह वर्षांतून एकदां आपल्या जुन्या गांवीं येते, आणि त्या मिरवणुकींत कुंकळ्ळीचे ख्रिस्ती लोकही चालतात.